प्रकरण चौदा: टेलरबाईंच्या दाराचं कुलूप

कुलूप सकाळपासून आजोबांच्या किल्ल्यांच्या दुकानात फळीवर पांढऱ्या रुमालाखाली झाकून ठेवलं होतं. काकाने आतापर्यंत तीनदा रुमाल उचलून पाहिला होता.

“चौथ्यांदा उचललास तर तोच रुमाल तुझ्या डोळ्यांवर बांधीन,” आजोबा म्हणाले. व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरलेल्या किल्लीवर त्यांची कानस चालू होती. मान वर करायची त्यांना गरज पडली नाही.

“हात कुठे लावतोय? नुसतं बघतोय.”

“तुझं नुसतं बघणं पस्तीस वर्षं बघतोय मी. बघता बघता हात खिशातल्या आकड्याकडे जातो.”

काकाने खिशातून हात बाहेर काढला. खिशात खरंच आकडा होता. बोटभर लांबीची, टोकाला किंचित वाकवलेली पोलादी तार; किल्ली हरवलेलं कुलूप तिने उघडायचं. या घरात आकड्याचा एकच नियम होता, आणि तो आजोबांच्या वडिलांपासून चालत आला होता. मालक समोर असल्याशिवाय आकडा कुलपाला लावायचा नाही. मालक शेजारी चहा प्यायला गेला तरी हात थांबवायचा आणि तो परत येईपर्यंत बसून राहायचं.

तो नियम तीन महिन्यांपूर्वी मोडला होता. मोडणारी होती घरातली सर्वांत धाकटी, सतरा वर्षांची पुतणी. लहानपणी ती इतकी बारीक होती, की कुलपातल्या पिनेवरून सगळे तिला पिन म्हणायला लागले, आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं.

एका रविवारी दुपारी पिनने दोन मैत्रिणींशी पैज लावली आणि कोपऱ्यावरच्या टेलरबाईंच्या बंद दुकानाचं कुलूप पन्नास सेकंदांत उघडलं. पुरावा म्हणून कापायच्या टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि बाहेर येऊन कुलूप पुन्हा लावलं. एवढ्यावर थांबली असती, तर कात्री आपणच कुठेतरी विसरलो असं समजून टेलरबाईंनी आठवडाभर स्वतःलाच बोल लावला असता. पण कुलूप लावताना पिनला ते जड लागलं. जड लागलेल्या कुलपात ग्रॅफाइटची पूड सोडायची, ही या घरातल्या हातांची सवय. तिने दप्तरातली डबी काढली आणि पूड सोडली.

सोमवारी सकाळी टेलरबाईंची किल्ली लोण्यासारखी फिरली. बोटं राखाडी झाली आणि त्याच बोटांनी त्यांनी पांढऱ्या साटिनचा तागा उचलला. साटिनवर तीन बोटांचे डाग, टेबलावर कात्री नाही. आजूबाजूच्या सगळ्या वस्तीत लोक कुलपात तेल ओततात. पूड घालणारं घर एकच.

“माझ्या नोकरीत पहिल्यांदाच बघतेय,” चौकीतल्या पोलीसबाई म्हणाल्या होत्या, “की चोराने जाता जाता कुलपाची सर्व्हिसिंग करून दिली.”

सगळे हसले होते. टेलरबाई सोडून.

“अजूनही सांगतो,” काका आता म्हणाला, “कोर्टात गेलो असतो तर बरं झालं असतं. वकील म्हणाला होता ना? कुलूप तुटलेलं नाही, दार फोडलेलं नाही, बघितलं ते दोन मैत्रिणींनी. बोटावरच्या पुडीवर ट्रायल उभी राहत नाही. पहिल्या तारखेला सुटली असती.”

“आणि कात्री?”

“कात्री परत केली असती.”

“कुणी? कोर्टाने?” आजोबांनी कानस खाली ठेवली. “सुटली असती, हे खरं. पण केलं की नाही केलं, हे तिला कधी बोलावंच लागलं नसतं. वकील बोलला असता. तू तेच म्हणतोयस ना?”

काका तेच म्हणत होता. मात्र का म्हणत होता, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. वकील बोलला असता, तर ‘हे तुला शिकवलं कुणी?’ हा प्रश्न कधी निघालाच नसता.

अठरा पूर्ण होईपर्यंत पिनच्या हातात आकडा द्यायचा नाही, असं आजोबांनी बजावलं होतं. काकाने तो तिच्या पंधराव्या वर्षीच दिला होता. मागच्या खोलीत, रेडिओ मोठा करून.

*

वाचनालयाच्या मधल्या दालनात टेबलं बाजूला सरकवून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पिनची आई पाच मिनिटं आधीच पोहोचली. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं नोकरी केल्यावर पाच मिनिटं आधी पोहोचणं हा तिचा स्वभाव झाला होता. नवरा जहाजावर, पुढच्या महिन्यात येणार. त्यामुळे गेल्या खेपेसारखीच आजही पिनच्या बाजूची पालकाची खुर्ची तिची.

गेल्या खेपेला तिने ही खोली फार वाईट नजरेने पाहिली होती. हे वस्तीचं मंडळ. अठराच्या आतला मुलगा किंवा मुलगी, पहिलाच गुन्हा, स्वतः कबूल केलेला, आणि ज्याचं नुकसान झालं तो समोर बसायला तयार; एवढं जुळलं तर पोलीस प्रकरण कोर्टाऐवजी इथे पाठवतात. इथे दोन्ही बाजू बोलतात, काय करायचं ते ठरतं, कागदावर लिहून सह्या होतात. ठरल्या मुदतीत ते पुरं झालं तर कागद बंद आणि नावावर काही लागत नाही. नाही झालं तर प्रकरण कोर्टात. आणि नावावर गुन्हा असलेल्या माणसाला कुलूपकामाचा परवाना मिळत नाही. पिनला सहावीपासून दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

‘तीन अनोळखी माणसं माझ्या मुलीचा निकाल लावणार,’ असं तेव्हा आईला वाटलं होतं. ते तिघं म्हणजे बसवाले, सिस्टर आणि बेकरीवाला. बसवाल्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना प्रत्येक गोष्टीला वेळापत्रक लागायचं. सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. बेकरीवाला पोरगा चोवीस-पंचविशीचा. सहा वर्षांपूर्वी पिनच्याच खुर्चीत बसलेला. कशासाठी, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “मोटारसायकल. माझी नव्हती.”

निकाल त्यांनी लावलाच नाही. बसवाले फक्त म्हणाले, “पोरी, काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. ‘झालं’ म्हणायचं नाही, ‘केलं’ म्हणायचं.”

पिनने सांगितलं. पैज, पन्नास सेकंद, कात्री, पूड. कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, ती टेलरबाईंच्या समोर ठेवली. टेलरबाईंनी ती उघडून पाहिली, पातं अंगठ्यावर लावून बघितलं आणि म्हणाल्या, “धार लावलीस?”

“हो. बोथट झाली होती.”

“तुझा हात एका जागी गप्प बसतो का गं कधी?”

मग टेलरबाई बोलल्या. आईला त्यांचं एकेक वाक्य आठवत होतं. दुकानावरच्या खोलीत त्या एकट्या राहतात; रात्री दाराच्या जाळीतून हात बाहेर घालून हेच कुलूप लावतात. त्या सोमवारपासून दिवे मालवायच्या आधी त्या कापायचं टेबल ओढून दाराला लावतात. टेबल सागवानी, वय बासष्ट, कंबर धरते. कात्री परत मिळाल्याने टेबल जागेवर जात नाही. “हे कुलूप एकतीस वर्षांपूर्वी तुझ्या आजोबांनी बसवलं. तेव्हा ते मला म्हणाले होते, बाई, हे माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही, निश्चिंत झोपा. मी झोपले. एकतीस वर्षं झोपले. आणि तू पन्नास सेकंदांत...”

आजोबा तेव्हा खाली मान घालून बसले होते. सासऱ्यांची मान अशी खाली आईने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

“तुम्हाला काय हवंय?” सिस्टरनी विचारलं होतं. “ती माफी मागेल, साटिन भरून देईल, दुकानात काम करेल...”

“ते सगळं करू दे. पण मला एक कुलूप हवंय.” टेलरबाईंनी पिनकडे बोट केलं. “हिला उघडता येणार नाही असं. आणि ते हिनेच बनवायचं.”

बेकरीवाला तेवढा हसला. “लिहा,” तो म्हणाला, “हे लिहा.”

तर आज ती मुदत संपत होती. बारा शनिवार पिनने टेलरबाईंच्या दुकानात काज-बटणं केली होती, चिंध्या झाडल्या होत्या. संध्याकाळी घरी येऊन लेथवर बसली होती. कुलूप कसं तपासायचं ही अट मात्र आईची. “बनवणाऱ्यालाच आतली मापं माहीत असतील तर ती तपासणी नव्हे,” ती म्हणाली होती. “आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो.” म्हणून पिनने केलेल्या चाळीस पिनांमधून सात टेलरबाईंनी डोळे मिटून निवडल्या. त्या कुलपात भरायला आणि किल्ली घासायला बोलावला पुलापलीकडचा किल्लीवाला, ज्याच्या दुकानाकडे या घरातल्या माणसाने चाळीस वर्षं मान वळवून पाहिलं नव्हतं. त्याने काम चोख केलं. किल्ली पाकिटात बंद करून टेलरबाईंकडे दिली आणि जाताना आजोबांना म्हणाला, “कधीपासून वाट बघत होतो तुमच्या बोलावण्याची.” आजोबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

“तीन वाजले,” बसवाले म्हणाले. “उघडायला प्रत्येकाला चाळीस मिनिटं. आधी काका, मग आजोबा, शेवटी ती. टेलरबाई, तुम्ही समोर बसा. मालक समोर हवा ना?”

“हवाच,” आजोबा म्हणाले.

आई शेजारी बसलेल्या दिराकडे झुकली. “भाऊजी, मनापासून करा हां. पुतणी म्हणून सोडून देऊ नका.”

“वहिनी, हे कुलूप मला दोन दिवस झोपू देत नाहीये,” काका म्हणाला. “सोडतो कसला!”

*

काकाने चाळीस मिनिटं घेतली आणि घामाने निथळत उठला. आजोबांनी एकतिसाव्या मिनिटाला आकडा खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा उचलला आणि चाळिसाव्याला परत केला. दोघांचं एकाच ठिकाणी अडलं होतं. पिना जागेवर बसल्यासारख्या वाटायच्या, किल्ली जिला फिरवते ती आतली नळी थोडी सरकायची, आता उघडलं असं वाटायचं आणि तिथेच घट्ट व्हायचं.

“फसवतंय,” आजोबा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे. “मधे कंबर ठेवलीय पिनांना. कुठे पाहिलीस?”

“बाईंच्या दुकानात,” पिन म्हणाली. “दोऱ्याची रिळं. वर-खाली जाड, मधे बारीक. आकड्याला वाटतं पोहोचलो, आणि तो अडकतो कमरेत.”

टेलरबाईंच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदाच सुटका दिसली; ती पिनने नीट पाहिली आणि मग समोरच्या कुलपाकडे बघितलं. आता तिची पाळी.

डाव्या अंगठ्याने ताणपट्टीवर, म्हणजे नळीला फिरवू बघणाऱ्या चपट्या पट्टीवर, हलका जोर द्यायचा, उजव्या हातातल्या आकड्याने एकेक पिन उचलायची. पट्टीवरचा जोर हेच सगळं. जास्त झाला तर पिना कमरेत अडकतात, कमी झाला तर बसलेल्या पिना परत खाली येतात. पहिली वीस मिनिटं तिसरी पिन सापडेना. पंचविसाव्याला सापडली, पण पाचवी पडली. तिला बरं वाटलं. आपल्याला हे येत नाहीये, असं मनात म्हणताना आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

“दहा मिनिटं,” बसवाले म्हणाले.

आणि मग तिला एक गोष्ट सुचली. सुचायला नको होती, पण सुचली. नळी फसवून थोडी फिरते, तेव्हा पट्टीचा जोर केसभर सैल करायचा. कमरेत अडकलेली पिन बोटाला उलटी ढकलते. जी ढकलेल ती खोटी. म्हणजे कुठली पिन खोटं बोलतेय ते पिनच सांगते.

तिने करून पाहिलं. दुसरी ढकलली. ती उचलली. सहावी. उचलली. चौथी.

“चार मिनिटं.”

सातवी बसली आणि नळीने अंगठ्याखाली केसभर जागा दिली. या वेळी खोटी नव्हती. पुढे काही अडत नव्हतं. नुसता अंगठा पुढे न्यायचा बाकी होता.

तिने अंगठा तिथेच थांबवला.

कुणालाच कळलं नव्हतं. अंगठा सैल सोडला तर सातही पिना खाली येतील, आणखी तीन मिनिटं ती आकडा फिरवत बसेल, बसवाले ‘वेळ संपली’ म्हणतील. अट पुरी, कागद बंद. पुढच्या वर्षी परवाना. बाई आज टेबल जागेवर नेतील. कुलूप तसं खरंच चांगलं होतं. जगात ते उघडणारे किती असतील?

तिने मान वर केली. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, तो तिच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. अंगठा कसा धरायचा हे त्यानेच शिकवलं होतं.

त्याने डोळे मिटले आणि अगदी थोडी मान हलवली. सोड.

*

आजोबांना आता बारीक दिसत नव्हतं, पण कानांना अजून काही झालं नव्हतं. सातवी पिन बसल्याचा आवाज त्यांनी ऐकला. खोलीत तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला असेल असं त्यांना वाटलं नाही.

त्यानंतर आवाज दोनच येऊ शकतात, हे त्यांना ठाऊक होतं. पिना खाली पडल्या तर पावट्याचे दाणे डब्यात पडावेत तशी बारीक खळखळ. नळी फिरली तर एकच, खोल, जाडसर ‘खट्’. मधे काहीच आलं नाही. आजोबांनी आयुष्यात हजारो कुलपं उघडली होती, पण सातव्या पिनेनंतर इतका वेळ थांबलेला हात त्यांनी ऐकला नव्हता. ‘थांबली का?’ ते मनात म्हणाले, आणि का थांबली ते त्यांना लगेच कळलं. एकतीस वर्षांपूर्वी टेलरबाईंच्या दारात उभं राहून आपण किती सहज म्हणालो होतो, माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही. विचारायला कोण येणार होतं? आत्ताही कोण येणार होतं?

तू सोडून दिलंस तरी मी काही बोलणार नाही, हे आजोबांना स्वतःबद्दल नक्की माहीत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

खट्.

“उघडलं,” पिन म्हणाली.

कडी बाहेर आली. कुलूप तिच्या हातात उघडं होतं. आईच्या तोंडून ‘अगं’ एवढंच निघालं.

बसवाल्यांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. “सदतीस मिनिटं,” ते जड आवाजात म्हणाले. “पोरी, यात लिहिलंय की तुला उघडता येणार नाही असं कुलूप. आज मुदत संपते. हे अपुरं राहिलं. मला कागद परत पाठवावा लागेल.”

“तिने सांगितलं नसतं तर कळलं असतं का कुणाला?” बेकरीवाला ताडकन म्हणाला.

“कागदावर जे आहे ते आहे. मी बस मधेच वळवत नाही.”

“थांबा.” काका उभा राहिला होता. “त्यात आणखी एक लिहा. पहिल्या दिवशी बाईंनी हिला विचारलं होतं, कुणी शिकवलं. ही म्हणाली, बघून बघून शिकले. खोटं आहे ते. मी शिकवलं. दोन वर्षं. बाबांनी नको सांगितलं होतं तरी. मालक समोर असावा लागतो, हे मात्र शिकवायचं राहिलं, कारण आम्ही स्वतःच बाबांच्या नकळत करत होतो.” तो आजोबांकडे वळला. “बाबा, मी...”

“खाली बस,” आजोबा म्हणाले. “रेडिओ एवढा मोठा करून बातम्या कोण ऐकतं? आणि अंगठा बघितलाय का तिचा? तुझा आहे तो, तसाच्या तसा.” मग खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “मला चाळीस मिनिटांत जमलं नाही. तुला जमलं नाही. तिने उघडलं सदतीस मिनिटांत, आणि सांगितलं.”

शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज किंचित वर गेला. आईने ते ओळखलं. पन्नास वर्षांपूर्वीचं, त्यांनी स्वतः बनवलेलं पहिलं कुलूप दाखवताना त्यांचा आवाज असाच जायचा.

टेलरबाई उठल्या, पिनच्या हातातून उघडं कुलूप घेतलं आणि कापडाचा पोत बघावा तसं बोटांनी चाचपलं.

“हिचा काका तीन महिने कोर्टातल्या ट्रायलबद्दल बोलतोय,” त्या बसवाल्यांना म्हणाल्या. “माझ्याकडे ट्रायल म्हणजे काय, सांगू? कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवायचा. कुठे ओढतंय, कुठे सैल आहे, ते बघायचं. पहिल्या ट्रायलला बरोबर बसलेला एक कपडा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. बसला म्हणून सांगणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली. मग ऐन दिवशी बगलेत उसवतं आणि नाव माझं जातं.” त्यांनी पर्समधून खडू काढला. सपाट, निळा, कडा झिजलेला. कुलपाच्या पाठीवर दोन रेघांची फुली मारली. “इथे ओढतंय. ही ट्रायल झाली. आता उसव आणि परत शिव.”

“बाई, पण मुदत...” बसवाले म्हणाले.

“दोन्ही बाजूंची तयारी असेल तर एकदा वाढवता येते,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आधीच कागद उलटा करून मागचा नियम शोधला होता. “एकदाच. चार आठवडे.”

“असा नियम आहे?” बसवाल्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. “मग आधी सांगायचं नाही का! नियमात थांबा असेल तर मी थांबणारच.”

“माझंही नाव घाला त्यात,” काका म्हणाला. “मदतीला. चालत असेल तर.”

“सही कर,” आजोबा म्हणाले. “आणि रेडिओ बंद ठेवायचा.”

*

संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात पिन टेलरबाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. खडूची फुली असलेलं कुलूप मांडीवर.

“हे का बसवायला सांगताय?” तिने विचारलं. “नवं होईपर्यंत जुनंच राहू दे ना. हे मला उघडता येतं.”

“जुनंही येत होतं की.” टेलरबाई दारात उभ्या होत्या. मागे दुकानात कापायचं टेबल अजून दाराजवळच होतं. “जुनं तू उघडलंस तेव्हा मला माझ्या बोटांवरून कळलं. हे उघडलंस तेव्हा तू सांगितलंस. बसव.”

पिनने कडी कोयंड्यातून घातली. टेलरबाईंनी पाकीट फोडून किल्ली काढली आणि स्वतः फिरवली. लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. मग आत गेल्या आणि टेबलाचं एक टोक धरलं.

“बघत काय बसलीस? दुसरं टोक धर. खिडकीपाशी न्यायचंय.”

टेबल सागवानी होतं, जड होतं. दोघींनी ते चार दमांत नेलं. जमिनीवर तीन महिन्यांच्या ओढाताणीचे चरे उमटले होते, ते पिनने पाहिले. पायाने पुसून जाण्यासारखे नव्हते.

दारापाशी परत आल्यावर तिने किल्ली एकदा स्वतः फिरवून बघितली. कुलूप नवं होतं. किंचित जड जात होतं. तिचा हात सवयीने दप्तरातल्या डबीकडे गेला, आणि झाकणावरच थांबला.

“बाई,” तिने हाक मारली, “पूड घालू का थोडी?”

टेलरबाईंनी हातातला दोरा दाताने तोडला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “आधी पांढरं कापड उचलून ठेवते.”